लेक डीओ होतेय, रेसिडेन्सीचं कसं?

वाचकाचं पत्र: डॉक्टर, आमची मुलगी न्यू जर्सीतल्या ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात डीओ या डॉक्टरकीच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या सप्टेंबरात रेसिडेन्सीचे, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाचे, अर्ज भरायचे आहेत. तिला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे रुग्णांच्या पुनर्वसनाची शाखा, करायचीय. डीओंच्या कॉमलेक्स परीक्षेची पहिली लेव्हल ती पास झाली, एमडीवाल्यांची यूएसएमएलई मात्र दिलेली नाही. आता विचारते, यूएसएमएलईचा दुसरा टप्पा, स्टेप 2, देऊ का? आमचे हे म्हणतात, दोनशे ठिकाणी अर्ज टाक, कुठेतरी नंबर लागेलच. सांगलीला सासरी सगळे विचारतात, "एमडीला नाही का मिळालं?" मॅच म्हणजे नक्की काय होतं तेच मला कळत नाही. जिथे लागण्याची शक्यता जास्त, ते नाव रँक लिस्टमध्ये वर लिहायचं ना? आणि ती घराजवळ राहावी म्हणून काही करता येतं का? माझा भाचा मिरजेला एमबीबीएस करतोय, तोही विचारतो की डीओंचा मार्ग त्याला चालेल का. – एक आई, एडिसन

ताई, रँक लिस्टचा प्रश्न आधी घेते. तिथे चुकलं तर वर्षभराची मेहनत वाया जाते, आणि आपल्याकडच्या आईवडिलांचा सल्ला नेमका तिथेच चुकतो.

आपण कट-ऑफ पाहून पर्याय भरणारी माणसं. मार्क किती, गेल्या वर्षी कुठल्या नंबरला कुठलं कॉलेज मिळालं, मग आपल्याला कुठलं मिळेल, असा हिशोब आपल्या अंगवळणी पडलेला. मॅच म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटायची राष्ट्रीय पद्धत, आणि तिच्यात अशी एक सामाईक गुणवत्ता यादी नसतेच. मुलाखती संपल्या की तुमची लेक तिच्या पसंतीने प्रोग्रॅमची, म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या हॉस्पिटलांची, यादी लावते आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पसंतीने उमेदवारांची. दोन्ही याद्या एकमेकांना दिसत नाहीत. त्या राष्ट्रीय मॅचच्या कॉम्प्युटरमध्ये जातात आणि तो पहिल्यांदा लेकीच्या यादीतलं पहिलं नाव उघडतो. त्या प्रोग्रॅमने तिला आपल्या यादीत घेतलंय आणि जागा रिकामी आहे, तर ती तात्पुरती तिथे बसते. नंतर त्या प्रोग्रॅमला तिच्यापेक्षा जास्त हवा असलेला कोणी आला आणि जागा भरल्या, तर ती तिथून उठते आणि कॉम्प्युटर तिच्या दुसऱ्या नावाकडे जातो. दुसऱ्या ठिकाणी तिचा विचार अगदी पहिल्या पसंतीने आल्यासारखाच होतो. तिने आधी दुसऱ्या कोणाचं दार ठोठावलं होतं म्हणून तिथे एक गुणही कमी होत नाही.

म्हणजे अवघड ठिकाण वर लिहिल्याने सोपं ठिकाण हातचं जात नाही. "शक्यता जास्त" म्हणून नावडतं ठिकाण वर लिहिलं तर मात्र तेच पदरात पडतं आणि आवडीचं ठिकाण तिला घ्यायला तयार असूनही कॉम्प्युटर तिथपर्यंत पोचतच नाही. 1998 पासून हा हिशोब असा उमेदवाराच्या बाजूने सुरू होतो. त्याची नवी मांडणी ज्यांनी केली त्या ॲल्विन रॉथ यांना आणि त्यामागचं गणित मांडणाऱ्या लॉइड शॅप्ली यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा लेकीला सांगा, मनात जो क्रम आहे तोच लिही. यादीतून नाव गाळायचं ते फक्त एकाच कारणाने, तिथे जाण्यापेक्षा जागा न मिळालेली परवडली असं खरोखर वाटत असेल तर. कारण मॅचचा निकाल बंधनकारक असतो, "नको, दुसरं बघते" असं नंतर म्हणता येत नाही. आणि मुलाखतीत कोणी विचारलं की आम्हाला कितव्या क्रमांकावर लिहिणार, तर उत्तर द्यायला ती बांधील नाही. असं विचारायला प्रोग्रॅमला मॅचच्या नियमांनुसार मनाई आहे.

आता परीक्षा. डीओ विद्यार्थ्यांना पदवीसाठी कॉमलेक्स द्यावीच लागते, एमडीवाले यूएसएमएलई देतात. दोन्ही परीक्षांचे पहिले टप्पे 2022 पासून फक्त पास-नापास झाले. त्यामुळे आकड्यात येणारा निकाल उरला दुसऱ्या टप्प्याचा, आणि सगळा भार त्याच्यावर आला. मी आमच्या हॉस्पिटलच्या निवड समितीवर बसते, तिथे काय घडतं ते सांगते. अर्ज शेकड्यांनी येतात. कोऑर्डिनेटर स्क्रीनवर फिल्टर उघडते, स्टेप 2 च्या चौकटीत किमान आकडा टाकते, आणि डावीकडची नावांची यादी क्षणात निम्म्यावर येते. ज्याची ती चौकट रिकामी, त्याचं नाव नाहीसं होतं. त्याने स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन कोणी वाचलेलं नसतं, शिफारसपत्र उघडलेलं नसतं. आमच्याकडे आम्ही कॉमलेक्सचा फिल्टर वेगळा लावतो आणि दोन्ही याद्या एकत्र करून वाचतो. सगळीकडे ही तसदी घेत नाहीत. कॉमलेक्सचा आणि स्टेप 2 चा आकडा वेगवेगळ्या फुटपट्टीवरचा असतो, आणि ज्या समितीवर एकही डीओ नाही तिथे कॉमलेक्सचा 560 चांगला की साधारण हेच कित्येकांना सांगता येत नाही.

पदवीची एक परीक्षा पास झालेल्या मुलांना दुसऱ्या पदवीची परीक्षा द्यायला लावणं मला अन्यायाचं वाटतं, आणि डीओंच्या संघटना त्याविरुद्ध भांडताहेत ते योग्यच आहे. पण यंदा लेकीला जागा मिळवायची आहे. माझं मत असं: स्टेप 1 च्या मागे आता लागू नये. स्टेप 1 न देता स्टेप 2 देता येते, दोन्हींचा क्रम बांधलेला नाही. तिने आधी आपल्या आवडीच्या प्रोग्रॅमची कच्ची यादी करावी आणि प्रत्येकाच्या संकेतस्थळावर पाहावं की केवळ कॉमलेक्स चालते की नाही. रिहॅबिलिटेशनमध्ये डीओंना पूर्वीपासून चांगली जागा आहे, त्यामुळे चालणारे बरेच सापडतील. तरी यादीतले बरेच प्रोग्रॅम यूएसएमएलई मागत असतील तर स्टेप 2 द्यावी. कॉमलेक्सच्या लेव्हल 2 चा अभ्यास आणि स्टेप 2 चा अभ्यास बराचसा एकच, त्यामुळे जूनमध्ये आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन्ही उरकता येतात आणि निकाल अर्ज भरण्याआधी हातात येतात. फक्त आधी सराव परीक्षा द्यावी आणि तिथे गाडी पासच्या उंबरठ्यावर अडखळत असेल तर स्टेप 2 चा नाद सोडावा. एकदा यूएसएमएलईची ट्रान्सक्रिप्ट पाठवली की त्यात नापास झालेला प्रयत्नही दिसतो. एक चांगली कॉमलेक्स, दोनांतल्या एका नापासापेक्षा कितीतरी बरी.

आता तुमच्या यजमानांचे दोनशे अर्ज. तळमळ समजते, पण नका करू. अर्जाच्या फीचा दर पहिल्या तिसांपर्यंत कमी असतो, त्यापुढे प्रत्येक अर्जाला जवळपास तिप्पट. पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही, की प्रोग्रॅमनाही आता कळायला लागलंय कोण सगळीकडे अर्ज टाकतो. म्हणून सिग्नलची पद्धत आली. ठरावीक प्रोग्रॅमना अर्जासोबत "तुमच्याकडे मला खरंच यायचंय" अशी खूण पाठवता येते. ऑर्थोपेडिक्समध्ये अशा 30 खुणा मिळतात, स्त्रीरोग-प्रसूतीत 3 सोनेरी आणि 15 चंदेरी. लेकीच्या शाखेला तिच्या वर्षी किती ते जूनमध्ये अर्जाचं पोर्टल उघडलं की तिने पाहावं. ज्या ठिकाणी खूण पाठवली नाही तिथून मुलाखतीचं बोलावणं येण्याची आशा बरीच कमी होते, मग दोनशे अर्जांतले दीडशे नुसते पैसे.

त्यापेक्षा एक संध्याकाळ लेकीजवळ बसा आणि हे काम दोघी मिळून करा. प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावर निवासी डॉक्टरांचं पान असतं. हसरे चेहरे, खाली नाव, नावापुढे पदवी आणि कॉलेज. गेल्या तीन तुकड्यांत डीओ किती ते मोजा. तीन वर्षांत एकही डीओ नसेल, तर मुखपृष्ठावर "आम्ही सर्वांचं स्वागत करतो" असं कितीही लिहिलेलं असो, ते नाव यादीच्या तळाला न्या. दरवर्षी दोन-तीन डीओ दिसले, आणि त्यात तिच्या कॉलेजचं कोणी असलं, तर ते नाव वर. त्या निवासी डॉक्टरला तिने सरळ ईमेल करावी. ही मुलं उत्तर देतात, आणि रुग्णसेवा, ड्युट्या, वरिष्ठांचं वागणं याबद्दल जे सांगतात ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि ती तिच्या शाखेत फार महत्त्वाची आहे. रिहॅबिलिटेशनचं शिक्षण चार वर्षांचं. काही प्रोग्रॅम चारही वर्षं स्वतः देतात, त्यांना कॅटेगॉरिकल म्हणतात. बरेच प्रोग्रॅम मात्र ॲडव्हान्स्ड, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून सुरू होणारे. पहिलं वर्ष, इंटर्न इयर, दुसरीकडे करायचं असतं आणि त्याची जागा वेगळी मिळवावी लागते: प्रिलिमिनरी मेडिसिन, प्रिलिमिनरी सर्जरी किंवा ट्रान्झिशनल इयर. त्यासाठी वेगळे अर्ज, वेगळ्या मुलाखती. आणि रँक लिस्ट लावताना प्रत्येक ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅमला पहिल्या वर्षाच्या जागांची पुरवणी यादी जोडायची. कॉम्प्युटर आधी मुख्य यादीतली जागा ठरवतो आणि मगच पुरवणी उघडतो. पुरवणी जोडायची राहिली किंवा त्यात दोनच नावं लिहिली, तर मार्चमध्ये असं होतं की दुसऱ्या वर्षाची जागा पक्की आणि पहिल्या वर्षाचा पत्ताच नाही. हुशार मुलांचंही हे राहून जातं, कारण सगळं लक्ष आवडत्या शाखेकडे लागलेलं असतं. लेकीला हा परिच्छेद वाचून दाखवा.

शिफारसपत्रांचं आणि रोटेशनचं, म्हणजे एखाद्या हॉस्पिटलात राहून काम शिकण्याचं, काम तर आत्ताच, या जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करायचं. पुष्कळ डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं, मुलं तिसऱ्या वर्षात गावोगावच्या छोट्या हॉस्पिटलांत शिकतात. शिकणं तिथे उत्तम होतं, पण त्या शाखेतल्या नावाजलेल्या डॉक्टरांशी गाठ पडत नाही. ती कमतरता चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला भरून काढायची. जुलै ते सप्टेंबरमध्ये तिने जिथे जायचंय अशा एक-दोन प्रोग्रॅममध्ये महिनाभराचं रोटेशन करावं. मुलं त्याला ऑडिशन म्हणतात ते उगाच नाही. त्या महिन्यात समितीला कळतं की ही सकाळी वेळेवर येते का, नर्सशी आणि थेरपिस्टशी कशी बोलते, पेशंटला खुर्चीतून उठवताना हात कुठे धरते. तिथल्या डॉक्टरांचं पत्र मिळालं तर त्याला वजन असतं. प्रत्येक प्रोग्रॅमला चारच पत्रं पाठवता येतात, त्यातलं निदान एक रिहॅबिलिटेशनच्या डॉक्टरांचं हवं.

आणि इथे तिची डीओची तालीम कामाला येते. हाड, स्नायू, सांधे हातांनी चाचपून निदान करायचं आणि हातांनीच उपचार करायचे, याचे दोनशेच्या आसपास तास डीओ विद्यार्थी कॉलेजात घालवतात. एमडी कॉलेजात हे नसतं. पक्षाघातानंतर आखडलेल्या खांद्यावर ज्या मुलीने हात ठेवून पाहिलंय, तिने ते निवेदनात स्पष्ट लिहावं: कोणता पेशंट होता, हाताला काय जाणवलं, पुढे काय केलं. अर्जात 10 अनुभव मांडता येतात आणि त्यांपैकी 3 महत्त्वाचे म्हणून निवडून त्यांच्यावर जास्त लिहिता येतं, त्यात हे असलंच पाहिजे. काही प्रोग्रॅमना ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन असतं, म्हणजे तिथे रेसिडेन्सीतही ही तालीम चालू राहते. ते तिने जरूर शोधावेत.

घराजवळ राहण्याबद्दल: अर्जात देशाचे नऊ विभाग दिलेले असतात, त्यातले तीनपर्यंत पसंतीचे म्हणून सांगता येतात आणि का ते चार ओळींत लिहिता येतं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया मिळून एकच विभाग, मिडल अटलांटिक. आईवडील एडिसनला आहेत हे कारण समितीला पटतं, लिहायला संकोच करू नये. तुमच्या वेस्ट ऑरेंजला केसलर इन्स्टिट्यूट आहे, या शाखेतलं देशातलं नामांकित हॉस्पिटल. घोड्यावरून पडून मान मोडलेल्या, सुपरमॅन साकारणाऱ्या अभिनेत्याचं, क्रिस्टोफर रीव्हचं पुनर्वसन 1995 मध्ये तिथेच झालं. तिथे अर्ज जरूर करावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. आणि ताई, एक गोष्ट स्पष्ट सांगते, रागावू नका. रँक लिस्ट लावताना "जवळ राहा गं" असं तिला म्हणू नका. तिला स्वतःलाच जवळ राहायचं असेल तर ती तसं लिहील. चार वर्षं रात्रीच्या ड्युट्या तिला करायच्या आहेत, आणि आईच्या डोळ्यांतलं पाणी आठवून लावलेली यादी पुढे दोघींनाही जड जाते.

बाकीचं वेळापत्रक लांबलचक सांगत नाही, कॉलेज सांगेलच. सप्टेंबरात अर्ज, महिनाअखेरीस प्रोग्रॅम ते उघडतात, ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती, त्याही बहुतेक घरूनच व्हिडिओवर. त्या दिवसांत घरात पाहुणे बोलावू नका आणि तिची खोली कुकरच्या शिट्ट्यांपासून लांब असू द्या. मुख्य शाखेत दहा-बारा मुलाखती झाल्या की आम्ही सल्ला देणारे निर्धास्त होतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी फक्त इतकं कळतं की जागा मिळाली की नाही. कुठे, ते शुक्रवारी.

सोमवारी "नाही" आलं तर रडायला वेळ नसतो. त्याच आठवड्यात सोप नावाची फेरी असते, उरलेल्या जागांसाठी. तिथे जास्तीत जास्त 45 अर्ज करता येतात आणि गुरुवारी फेऱ्याफेऱ्यांनी जागांचे प्रस्ताव येतात. त्यात बरीच मुलं मार्गी लागतात, विशेषतः पहिल्या वर्षाच्या प्रिलिमिनरी जागांवर. इंटर्नल मेडिसिनसाठीचं दुसरं निवेदन आणि एक पत्र आधीच तयार ठेवलेलं असलं की सोमवारी दुपारी हात थरथरत नाहीत. हे जानेवारीतच करून ठेवावं आणि पुन्हा त्याबद्दल घरात बोलू नये.

आता सांगली. त्यांच्या दृष्टीने एमडी म्हणजे एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी. अमेरिकेत एमडी आणि डीओ दोन्ही डॉक्टरकीच्या पहिल्याच पदव्या, एमबीबीएसच्या जागी असलेल्या. दोघांनाही पुढे रेसिडेन्सी करावी लागते आणि दोघांनाही पन्नासही राज्यांत औषधं लिहायचा, शस्त्रक्रिया करायचा पूर्ण परवाना मिळतो. ब्रिटन-युरोपातले ऑस्टिओपॅथ केवळ हाताने उपचार करतात, डॉक्टर नसतात, त्यामुळे आपल्याकडे गोंधळ उडतो. डीओंना हा मान सहज मिळाला नाही हेही खरं. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 मध्ये मिसुरीत किर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात डीओंना 65 डॉलर भरून एमडी पदवी देऊ केली, जणू आधीची पदवी पुसून टाकायची होती. लष्कराने त्यांना डॉक्टर म्हणून घेतलं ते 1966 मध्ये. आज देशातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त डीओ कॉलेजांत आहेत. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले व्हाइट हाऊसमधले डॉक्टर शॉन कॉन्ली डीओ होते, बायडेन यांचे केव्हिन ओकॉनरही डीओ. सासूबाईंना एवढं सांगा, बाकीचं त्या स्वतः शेजारी सांगतील.

पूर्वी डीओंचा मॅच वेगळा होता. 2015 ते 2020 या काळात दोन्ही व्यवस्था एक झाल्या आणि 2020 पासून सगळे एकाच मॅचमध्ये उतरतात. 2025 मध्ये एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या 93.5 टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली, डीओ कॉलेजांच्या 92.6 टक्के. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स अशा शाखांत डीओंना अजून जास्त झगडावं लागतं, आणि तिचे वडील तिला तिकडे वळवू पाहत असतील तर त्यांना हे माहीत असावं. पण तिने निवडलेल्या शाखेत पदवी आड येण्याची भीती मनातून काढून टाका.

भाच्याचं वेगळं आहे. मिरजेहून एमबीबीएस झालेला मुलगा डीओंच्या नव्हे, परदेशी पदवीधरांच्या रांगेत उभा राहतो. त्याला यूएसएमएलईच्या स्टेप 1 आणि 2 दोन्ही द्याव्या लागतील, परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र लागेल आणि वर व्हिसा. तुमच्या लेकीला यातलं प्रमाणपत्रही लागत नाही आणि व्हिसाही नाही. 2025 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी 58 टक्क्यांना जागा मिळाली. त्याने कितव्या वर्षाला आहे आणि कोणती शाखा मनात आहे ते मला स्वतः लिहून कळवावं, म्हणजे त्याला वेगळं उत्तर देता येईल.